जुन्या ट्रॅक्टरच्या पोटात कोणते तेल?

मिरजेच्या बाजूला एका गॅरेजात आम्ही बसलो असताना घडलेला प्रसंग प्रथम सांगतो. उसाचे दिवस होते, थंडी पडली होती. एक शेतकरी आपला जुना मॅसी १०३५ घेऊन आला. ट्रॅक्टर त्याच्या वडिलांनी १९७०च्या दशकात घेतलेला. तक्रार दोन प्रकारची. सकाळी लिफ्ट उचलत नाही, आतून खडखड असा आवाज येतो आणि दुपार झाली की आपोआप नीट चालते. दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर ब्रेक दाबला की ट्रॅक्टर उजवीकडे ओढतो. आदल्या दिवशी तो रस्ता सोडून चारीत जाता जाता वाचला होता.

मिस्त्रींनी, ज्यांना सारा परिसर चाचा म्हणतो, गेजची काडी काढून पाहिली आणि बोटावर तेल घेऊन चोळले. मग त्यांनी एवढेच विचारले, "दादा, गिअर ऑइल कधी बदलले?"

पंधरा दिवसांपूर्वी बदलले होते आणि ते याच गॅरेजात, चाचा गावाला गेले असताना त्यांच्या शागीर्दाने बदलले होते. पोराने दुकानातून "एकशेचाळीस नंबर, सगळ्यात भारी" असे सांगून तेल आणले. जुनी गाडी, घासलेले गिअर, म्हणून जाड तेल टाकले. वर "थोडे जास्तच असू दे" म्हणून काडीवरच्या खुणेच्या वर दोन बोटे भरले. दुकानदारालाही बोलावणे गेले. तो म्हणाला, "चाचा, मागितले ते दिले, डबा सीलबंद होता, माल अस्सल होता." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शेतकऱ्याचेही खोटे नव्हते. त्याने पैसे रोख मोजले होते. तेल पंचवीस लिटरहून अधिक, म्हणजे रक्कम थोडीथोडकी नव्हे. आता ते ओतून टाकायचे तर भरपाई कोणाची?

या प्रकरणाचा निकाल काय लागला ते शेवटी सांगू. आमचे अनेक वाचक स्पेअर पार्टच्या दुकानावर बसतात, अनेक जण गॅरेज चालवतात. त्यांच्यापैकी कोणाच्याही दारात हा प्रसंग उद्या उभा राहू शकतो. नव्या ट्रॅक्टरचे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते. जुना ट्रॅक्टर मात्र अजून आपल्याच मिस्त्रीकडे येतो. त्यात चूक झाली तर गिअरचा संच सहज मिळत नाही आणि मिस्त्रीचे नाव गावभर होते, तेही वाईट अर्थाने.

आकड्यांचा घोळ

बाजारात गिअर ऑइल म्हटले की "नव्वद" आणि "एकशेचाळीस" हे दोनच शब्द चालतात. हे आकडे जाडीचे आहेत, दर्जाचे नव्हेत. एसएई या अमेरिकन संस्थेने तेलाच्या जाडीसाठी हे क्रमांक ठरवले आहेत. पण इंजिन ऑइलची पट्टी वेगळी आणि गिअर ऑइलची पट्टी वेगळी. इंजिनचे ४० नंबर आणि गिअरचे ९० नंबर शेजारी ठेवले की गिऱ्हाईकाला वाटते, दुसरे दुपटीहून जाड असणार. तसे मुळीच नाही. शंभर अंश सेल्सियसला मोजले तर गिअरचे ९० हे इंजिनच्या ४० आणि ५० यांच्या आसपास येते. दोन्ही पट्ट्यांची सरमिसळ होऊ नये म्हणूनच गिअर ऑइलला मोठे आकडे दिलेले आहेत.

यात तिसरी पट्टीही घुसते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे आमचे वाचक कारखान्यांच्या यंत्रांचे तेल विकतात. त्या बॅरलवर २२०, ४६० असे आकडे असतात. ते आयएसओचे आकडे, चाळीस अंशाला मोजलेले. ढोबळ हिशेबाने २२० म्हणजे गिअरचे ९० आणि ४६० म्हणजे १४० समजावे. त्यामुळे "२२० म्हणजे १४० पेक्षाही भारी" असे सांगून कोणी माल देत असेल तर तो स्वतःही फसला आहे. जाडी जुळली म्हणून कारखान्याचे तेल ट्रॅक्टरला चालेलच असेही नाही. त्यातील औषधे निराळी असतात.

डब्यावर "८० डब्ल्यू-९०" असे लिहिलेले असेल तर अर्थ असा की थंडीत ते ८० सारखे वाहते आणि तापल्यावर ९० ची जाडी राखते. डब्ल्यू म्हणजे थंडीचा. आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरे, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे शेतावर पारा दहाच्या आसपास उतरतो आणि त्याच वेळी ट्रॅक्टर सुरू करायचा असतो. "८५ डब्ल्यू-१४०" हे त्याहून खूप जाड.

जुन्या इंग्रजी पुस्तकांत एक "६०० डब्ल्यू" नावही सापडते. हौशी मंडळी ते वाचून बाजारात ६०० नंबर शोधत फिरतात. ते एसएईचे नाव नाहीच. व्हॅक्यूम ऑइल कंपनीच्या वाफेच्या इंजिनासाठीच्या तेलाचे ते व्यापारी नाव होते आणि जुन्या फोर्ड मोटारींच्या मागच्या ॲक्सलला ते वापरत.

डब्यावरची दुसरी ओळ

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. डब्यावर जाडीच्या आकड्याखाली बारीक अक्षरात जीएल-४ किंवा जीएल-५ असे छापलेले असते. शंभरातले नव्वद गिऱ्हाईक ते वाचत नाहीत. आम्हाला तर वाटते, बरेच विक्रेतेही वाचत नसावेत.

गिअरच्या दातावर दात घासतो तेव्हा फार मोठा दाब येतो आणि साध्या तेलाचा थर मधून निसटतो. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरस यांची औषधे घालतात. दाब व उष्णता वाढली की ही औषधे लोखंडाशी संयोग पावून दातावर पातळ थर बसवतात आणि दात एकमेकांना चिकटत नाहीत. अशा तेलाला आपण "ईपी" म्हणतो. जीएल-१ म्हणजे असे औषध नसलेले साधे खनिज तेल. जीएल-४ मध्ये मध्यम प्रमाण. जीएल-५ मध्ये जीएल-४ च्या साधारण दुप्पट. हे जीएल-५ मुख्यतः मोटार आणि ट्रकच्या हायपॉइड डिफरन्शियलसाठी निघाले, कारण तिथे दात एकमेकांवर आडवे घसरतात. अमेरिकेच्या एपीआय संस्थेने जीएल-१, २, ३ आणि ६ हे वर्ग आता चालू यादीतून काढले आहेत. जुन्या पुस्तकात जीएल-१ लिहिले असेल तर गोंधळून जाऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

आता कोणी म्हणेल, पाच हा चारपेक्षा मोठा, मग पाचच घालू. इथेच जुना ट्रॅक्टर आणि नवा ट्रक यांत फरक पडतो. जुन्या गिअरबॉक्समध्ये गनमेटलचे बुश, थ्रस्ट वॉशर, कुठे पितळी चकत्या असतात. गंधक तांब्याला खाते. चांदीचा दागिना काळा पडतो, त्याच जातीचे हे काम. तेल जितके गरम, तितके ते जलद. शिवाय जीएल-५ चा थर गनमेटलला इतका घट्ट धरतो की घर्षणात तो सुटताना धातूचा पापुद्राही सोबत नेतो. पोलादाच्या गिअरला जे औषध तारते तेच बुशला झिजवते.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजकालच्या पुष्कळ जीएल-५ तेलांत तांब्याला इजा कमी व्हावी अशी सोय केलेली असते. आणि ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स ट्रकच्या डिफरन्शियलइतका तापतही नाही. म्हणून "मी दहा वर्षे जीएल-५ घालतो, काही झाले नाही" असे सांगणारे मिस्त्री भेटतील आणि ते खोटे बोलत नसतील. त्यांच्या गिअरबॉक्समध्ये सगळे पोलाद असेल. परंतु आत काय आहे हे आपल्याला ठाऊक नसेल, तर जीएल-४ घेण्यात ट्रॅक्टरचे नुकसान नाही. साध्या सरळ किंवा स्पायरल गिअरला त्याहून जास्त औषधाची गरजच नसते.

घरच्या घरी पारख

प्रयोगशाळेत तांब्याची पट्टी तेलात बुडवून तीन तास गरम ठेवतात आणि पट्टीचा रंग पाहून दर्जा ठरवतात. ही परीक्षा ढोबळ प्रमाणात गॅरेजातही करता येते. तांब्याच्या जाड तारेचा तुकडा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत घासावा, बोट न लावता काचेच्या लहान बाटलीत तेलात बुडवावा आणि बाटली उकळत्या पाण्याच्या पातेल्यात तीन तास उभी ठेवावी. पाणी बाटलीत जाऊ देऊ नये, तेल थेट आगीवर तर कधीच ठेवू नये. काढून पुसल्यावर तार फिकट नारिंगी असली तर हरकत नाही. काळी किंवा काळपट करडी झाली, तर ते तेल गनमेटलजवळ नेऊ नका. दोन कंपन्यांची तेले शेजारी ठेवून हा प्रयोग केला तर फरक डोळ्यांना दिसतो. चाचांनी आमच्यासमोर केला होता. शागीर्द तीन तास पातेल्यापाशी बसला.

पोटात काय आहे ते आधी पाहा

तेल ठरवण्याआधी एक प्रश्न विचारावा: या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिकचा पंप कुठे आहे? पंप बाहेर, इंजिनच्या बाजूला असेल आणि त्याची टाकी वेगळी असेल, तर गिअरबॉक्सचे तेल फक्त गिअरसाठी आहे. तिथे ९० सुरक्षित. बॉक्स फार घासलेला असेल, गिअर आवाज करत असतील आणि भर उन्हाळ्यात नांगरट असेल तर १४० टाकण्यात अर्थ आहे. पण आवाज कमी झाला म्हणजे दुखणे बरे झाले असे नव्हे. जाड तेल आवाज दाबते, झिजलेला दात परत आणत नाही.

पंप आत असेल तर सगळा हिशेब बदलतो. हॅरी फर्ग्युसन यांच्या ट्रॅक्टरपासून हा प्रकार जगभर गेला. टीई-२० हा त्यांचा करड्या रंगाचा लहान ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार झाला. पाच लाखांहून अधिक निघाले. १९५३ मध्ये फर्ग्युसन यांची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिळाली, पुढे मॅसी फर्ग्युसन ३५ आला आणि १९६० मध्ये मद्रासला टाफे कंपनी स्थापन झाल्यावर त्याच घराण्याचे ट्रॅक्टर आपल्या देशात बनू लागले. आपल्या भागात "जुना मॅसी" म्हणून जो येतो तो याच वंशातला.

या घराण्यात गिअरबॉक्स, मागचे डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच. पंप त्या तेलातच बुडालेला असतो आणि तोच डबक्यातले तेल ओढून लिफ्टला देतो. यात एक बारीक खुबी आहे. इतर पुष्कळ ट्रॅक्टरांत लिफ्टचा ताबा पंपातून बाहेर पडणाऱ्या तेलावर असतो. फर्ग्युसनच्या रचनेत ताब्याचा व्हॉल्व्ह पंपाच्या ओढण्याच्या बाजूला आहे. म्हणजे पंपाला आधीच अरुंद वाटेने तेल ओढायचे असते. तिथे १४० नंबरची काकवी भरली तर थंडीत पंप अर्धा रिकामाच चालतो, खडखडतो, लिफ्ट थरथरते किंवा उचलतच नाही. दुपारी तेल तापून पातळ झाले की दुखणे पळते. आमच्या शेतकऱ्याची पहिली तक्रार तंतोतंत हीच होती. त्याने पंप खोलायला सांगितले असते तर कोणी ना कोणी खोललाही असता, आणि पंपाचे बिल वेगळे झाले असते.

अशा एकत्र तेलाच्या ट्रॅक्टरला कंपनीच्या पुस्तकात जे सांगितले असेल तेच पहिले. पुस्तकात तेलाचे जुने व्यापारी नाव असेल तर त्याच्या पुढची जाडी पाहावी. नाव गेले तरी जाडी बदलत नाही. बाजारात आता ट्रान्समिशन, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक या तिन्हींसाठी एकच असे ट्रॅक्टर ऑइल मिळते. त्याला यूटीटीओ म्हणतात. ते ९० पेक्षा पातळ असते. लिफ्टला ते उत्तम, गनमेटललाही सौम्य. मात्र फार झिजलेल्या बॉक्समध्ये ते सीलमधून झिरपते. जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक कोरडे असल्याने त्यातील ब्रेकचा गुण आपल्याला उपयोगाचा नाही, पण अपायही करत नाही. सील ठीक असतील तर हे तेल, सील थकलेले असतील तर ८० डब्ल्यू-९० जीएल-४, अशी चाचांची रीत आहे आणि आम्हाला ती पटते. उलट बाजूने सावधगिरी अशी की तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या नव्या ट्रॅक्टरला साधे ९० नंबर कधीही देऊ नये. ब्रेक किंचाळतात आणि पकडत नाहीत.

जाता जाता फोर्डसनबद्दल. १९१७ पासून निघालेल्या फोर्डसन एफ आणि त्यानंतरच्या एन या मॉडेलांत मागच्या चाकांना गती वर्म गिअरने मिळे, म्हणजे पोलादी वर्म आणि त्यावर घसरणारे कांशाचे चाक. घर्षण इतके, की त्यावर बसलेल्या चालकाचे आसन तापत असे. १९४५ नंतरच्या मॉडेलात ही पद्धत गेली. असा ट्रॅक्टर आपल्याकडे क्वचितच येईल, एखाद्या हौशी संग्राहकाचा किंवा जुन्या संस्थानी वाड्यातला. आला तर जीएल-५ चा डबा त्याच्या जवळपासही ठेवू नये. त्याचे कांशाचे चाक एकदा खाल्ले गेले की ते ओतून, कापून घ्यावे लागेल.

स्टिअरिंग बॉक्सकडे बहुधा कोणी बघत नाही. जुन्या ट्रॅक्टरात तो गळतो, म्हणून पुष्कळजण त्यात ग्रीस ठासतात. ग्रीस गिअरच्या दातांनी बाजूला सारले की तिथेच राहते, परत वाहून येत नाही आणि दात कोरडे फिरतात. सील बदलणे परवडत नसेल तर इथे मात्र १४० नंबर भरा. जाड तेलाची खरी जागा हीच.

काळे तेल, सुटे तेल

काही ठिकाणी इंजिनमधून काढलेले काळे तेल गाळून गिअरबॉक्समध्ये ओततात. "गिअरला काय कळते" असा त्यामागचा विचार. त्या तेलात काजळी असते, धातूचा भुगा असतो, आम्ल असते आणि गिअरसाठीचे औषध नसते. पंप आत असलेल्या ट्रॅक्टरात तर ही काजळी थेट पंपाच्या पिस्टनवर जाते. फुकट मिळालेले तेल याहून महाग कुठेच पडत नाही.

सुट्या तेलाचा धंदा करणाऱ्या आमच्या बांधवांना हे कडू वाटेल, तरी लिहितो. बॅरलमधून मापाने दिलेल्या तेलावर जाडीही लिहिलेली नसते आणि जीएलही. गिऱ्हाईक पुढे भांडायला आला तर दुकानदाराकडे दाखवायला काही राहत नाही. बॅरलच ठेवायचे असेल तर बॅरलचे लेबल शाबूत ठेवावे, बिलावर जाडी आणि जीएल दोन्ही लिहावे. रिकामे ब्रँडेड डबे भंगारात देताना झाकण फोडून, डब्याला भोक पाडून द्यावेत. बनावट माल त्याच डब्यांत भरला जातो.

बदलताना

तेल गरम असताना सोडावे, म्हणजे गाळ सोबत निघतो. परंतु त्याआधी एक काम. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी ड्रेन प्लग अगदी थोडा सैल करावा. आत पाणी असेल तर तेच प्रथम येते, कारण ते तळाशी बसते. पावसाळ्यात गिअरच्या दांड्याच्या फाटक्या रबरातून पाणी आत उतरते आणि तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसू लागते. शंका असेल तर तापलेल्या लोखंडी पत्र्यावर दोन थेंब टाकावेत, तेही उघड्यावर आणि तोंड दूर ठेवून. तडतडले तर पाणी आहे. मग रबर बदलल्याशिवाय नवे तेल भरणे म्हणजे पैसे पावसात घालणे.

सोडलेले तेल टाकण्याआधी त्याच्याकडे बघावे. प्लगवर करडा, मऊ भुगा असला तर वयोमानाने ठीक. कपच्या निघाल्या तर गिअर किंवा बेअरिंग बोलते आहे. उन्हात धरल्यावर तेलात सोनेरी चमक दिसली तर समजावे, गनमेटल सुटते आहे. ही चमक ओळखणारा मिस्त्री बॉक्स न खोलता निम्मे निदान करतो.

डिझेलने धुण्याची आपल्याकडे रीत आहे. धुतले तर ते पूर्ण निथळू द्यावे, कारण कोपऱ्यात राहिलेले डिझेल नव्या तेलाला पातळ करते. आणि डिझेल भरून ट्रॅक्टर कामावर चालवू नये. रॉकेल, पेट्रोल तर मुळीच नको, गॅरेजला आग लागते. तेल भरताना ट्रॅक्टर सपाट जागी आणि लिफ्ट खाली हवी, नाहीतर काडी खोटे बोलते. खुणेपर्यंत भरा आणि थांबा. वर दोन बोटे जास्त भरलेले तेल मागच्या ॲक्सलच्या सीलवर चढते, सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते आणि लायनर भिजतात. एका बाजूचे सील अधिक थकलेले असेल तर एकच चाक धरत नाही आणि ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूला ओढतो. मागे वीस टनांची उसाची ट्रॉली असताना ही गोष्ट कारखान्याच्या रस्त्यावर जीव घेऊ शकते.

काढलेल्या तेलाचे काय? ते गटारात, विहिरीजवळ ओतू नये हे सांगायला नको. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेले तेल नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायचे असते. वीटभट्टीला विकण्याची सवय मोडली पाहिजे. हातांनाही जपा. काळ्या तेलात दिवसभर उघडे हात घालून चाळिशीत कातडी फुटलेले मिस्त्री आम्ही बरेच पाहिले.

निकाल

आता मिरजेच्या त्या गॅरेजाकडे परत जाऊ. मागचे डावे चाक उतरवले तर लायनर तेलाने चिंब, जसे चाचांनी चाक न उतरवताच सांगितले होते. डबाही मागवला. ८५ डब्ल्यू-१४०, जीएल-५. सोडलेल्या तेलात सोनेरी चमक नव्हती. पंधरा दिवसांत ती येतही नाही. चाचांना तेवढेच समाधान.

बोलणी दीड तास चालली, आवाजही चढले. शेवटी असे ठरले: नवे लायनर, दोन्ही बाजूंचे सील आणि मजुरी गॅरेजाची, कारण जास्त भरले ते गॅरेजाने. नवे तेल दुकानदाराने खरेदीच्या भावात द्यायचे, कारण ट्रॅक्टर कोणता हे त्याने विचारले नव्हते. त्या भावाचे पैसे शेतकऱ्याने द्यायचे. शेतकरी पुटपुटला, पण संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लिफ्टने पहिल्या झटक्यात नांगर उचलला, असा निरोप आला.

आम्ही महिन्याभराने पुन्हा गेलो तेव्हा दुकानदाराच्या गल्ल्यावर एक वही दिसली. गिअर ऑइल मागायला येणाऱ्याचे गाव, ट्रॅक्टरचे मॉडेल आणि दिलेल्या तेलाची जाडी व जीएल त्यात लिहिलेले होते. गॅरेजात शागीर्द एका आयशरवाल्याशी बोलत होता. त्याने डब्याकडे हातही नेला नव्हता. तो विचारत होता, "काका, आधी सांगा, पंप आत आहे का बाहेर?"